तिसऱ्याची जागा

एल्नाचा तिसरा गिअर एका जागी कधी राहत नसे.
काल होता तिथून आज जरा पलीकडे,
कडाक्याच्या थंडीत तर डॅशबोर्डाखाली कुठेतरी.
अंदाजपंचे दाहोदर्से ती हात फिरवायची,
पिठाच्या डब्यात पडलेली अंगठी शोधावी तसा,
आणि एकोणीस वर्षांत
एकदाही चुकली नाही. असं तिचं म्हणणं.
आर्वोचं म्हणणं वेगळं.

म्हणून नोव्हेंबरातल्या या शनिवारी
डुलूथच्या चढावरल्या त्यांच्या गॅरेजात
फ्रीजरच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून
मी मर्सिडीजखाली उताणी.
आर्वो एक्याऐंशीचा, गुडघा नवा, पाठ जुनीच,
त्याच्याकडे बॅटरी धरायचं काम.
उजेड नेमका माझ्या डोळ्यांत.
'दिसतंय का?'
'लख्ख,' मी म्हणते, डोळे मिटून.

तीन सळ्या, सहा टोकं,
टोकागणिक एक बुश,
शर्टाच्या बटणाहून फार मोठा नाही.
म्हणजे असायला हवा होता.
पहिल्या सांध्यातून निघाला पिवळा चुरा,
खारीच्या पुड्याच्या तळाशी उरतो तसा.
दुसऱ्यात अर्धी कड.
तिसऱ्यात काहीच नाही,
लोखंडात लोखंड, आणि मधे
रस्त्यावरच्या मिठाचा गंज, चाळीसेक हिवाळ्यांचा.
दीड टनाची गाडी
या चिमटीभर गोष्टीपायी खिळखिळी,
आणि मी आजवर गिअरबॉक्सला नावं ठेवत होते.

क्लिपा काढताना एक उडाली.
टिंग.
ती कुठे थांबते ते दोघंही ऐकत राहिलो.
'सरोवरात गेली असणार,' आर्वो म्हणाला,
'इथून सगळा उतारच आहे.'

नवे बुश आडमुठे. बसेनात.
मग मी घरून चहाचं पातेलं आणलं,
उकळत्या पाण्यात सहाही सोडले.
आर्वोला वाटलं, हा आमच्याकडचा काही विधी.
नाही रे बाबा, ऊन लागली की नरमतात.
एकेक चिमट्याने उचलायचा
आणि निवायच्या आत पकडीने चेपायचा.
बसताना टप्प वाजतो,
लोणच्याच्या बरणीचं झाकण वाजावं तसा.
सहा वेळा टप्प.
पाचव्यानंतर माझं बोट भाजलं, तेव्हा
जी शिवी तोंडातून गेली तिचा अर्थ
त्याने विचारला. मी सांगितला नाही.

शेवटी न्यूट्रल.
तीन पट्ट्यांची भोकं एका रेषेत यावी,
खिळा आरपार जावा.
जाईना. एक सळी अर्धा सूत लांब.
मिलिमीटर मी शाळेत शिकले, पण
गाडीखाली उताणं पडलं की सूतच आठवतं.
दोन आटे फिरवले. गेला.

एल्ना आली, कोटाच्या खिशात किल्ल्या वाजवत.
पहिला. दुसरा.
आणि मग तिचा तो लांबचा वळसा,
मनगट वाकडं, खांदा पुढे,
आणि गाडी कोपऱ्यावर आचके देत बंद.
काच खाली करून ओरडली,
'कुणाची गाडी आहे ही?
माझा हात पोचायच्या आधीच
गिअर येऊन बसलाय!'

तिचा हात बसलेला होता,
हे आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं.

आर्वो स्वतःचे बूट न्याहाळू लागला.
मी डब्याच्या झाकणातला चुरा बोटाने गोळा केला.
सहांचा मिळून जेमतेम दोनांचा भरला.
बाकीचा गळला असेल
टू हार्बर्सच्या वाटेवर, चर्चच्या आवारात,
किराण्याच्या दुकानापुढे ती मागे घेताना,
कणाकणाने, कुणाला न कळता.

तिने पुन्हा किल्ली फिरवली.
गल्लीला एक फेरी. दुसरी.
आम्हाला दिसत नाही काही,
चढावरची डिझेलची खडखड तेवढी ऐकू येते.
तिसऱ्या फेरीला एक शिवी, फिनिश असावी.
अर्थ आर्वोने सांगितला नाही.
चौथ्या फेरीला आचके नाहीत.
दुसरा.
मग एक उसंत, जुनीच,
आता कशालाच न लागणारी.
मग तिसरा.